थिजलं तर वितळंल

मी फ्रिज बोलतोय. एका दाराचा, फिकट निळा, दाराच्या कडेचं रबर थोडं सुटलेला. माझ्या पोटातून मणामणानं अन्न गेलं, पण मी स्वतः कधी घासभर खाल्लं नाही. म्हणूनच की काय, माणसांच्या खाण्यापिण्याकडे मला जरा लांबून बघता येतं. आज जे सांगतोय ते मात्र लांबून सांगता येणार नाही.

कारखान्यात माझ्यासारखेच शेकड्यानं भाऊ एका रांगेत उभे होते. त्यातून मी भूगावच्या एका फ्लॅटमध्ये आलो. शेखर आणि उत्कर्षा यांचा नवा संसार होता. उत्कर्षानं मला हळदकुंकू लावलं, आत पहिल्यांदा पेढे ठेवले. नऊ वर्षं मी तिथे सुखात होतो. मग दोन दारांचा, बाहेरूनच बर्फ देणारा एक ऐटबाज गडी आला आणि माझी रवानगी मुठा गावातल्या त्यांच्या बंगल्यावर झाली. माणसं जुनी वस्तू टाकत नाहीत, गावाला पाठवतात.

बंगला शनिवार-रविवारी जागा व्हायचा आणि पाच दिवस झोपायचा. त्याची राखण कोंडाजी आणि त्याची बायको केशरबाई करायची. बंगल्याची जमीन एकेकाळी त्यांचीच होती. आता ती दोघं मागच्या दोन खोल्यांत राहायची. केशरबाई मला लिंबाच्या सालीनं पुसायची, रबराच्या खाचेतली बुरशी काडीनं काढायची. भूगावला मला कुणी इतकं जपलं नव्हतं.

केशरबाईला साखर होती. बारा वर्षं ती सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचून घ्यायची. इन्सुलिनची ती बोटभर बाटली ती एका डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. एकदा उत्कर्षानं ते पाहिलं. "अहो मावशी, औषध असं ठेवतात होय? उन्हाळ्यात खराब होईल. आपला फ्रिज आहे ना," असं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं ती डबी माझ्या दारातल्या अंड्यांच्या खणात ठेवली. तिनं हे अगदी मनापासून केलं होतं. तिच्या चांगुलपणाबद्दल मला आजही शंका नाही.

तेव्हापासून दिवसातून दोनदा केशरबाई हात धुऊन, पदराला पुसून माझं दार उघडायची. बाटली दोन्ही तळव्यांत घोळवायची, आतलं दुधासारखं पाणी एकसारखं झालं की उजेडाकडे धरून बघायची. कुणीतरी आपल्यावर इतका विसंबून आहे, याचा मला अभिमान वाटायचा. मला ती फार आवडायची.

मग गेल्या वर्षीचा नाताळ आला. नाताळ हा काही ह्या घरातला सण नव्हे. कुणी चर्चची पायरी चढलेलं नव्हतं. पण सुट्टी सगळ्यांना होती, आणि सुट्टीला सण लागतो. चोवीस तारखेला तीन गाड्यांतून चौदा माणसं उतरली. मटण, कोंबड्या, कोळंबी, चीज, रबडीची पातेली, रममध्ये मुरवलेले केक, वाइन आणि बिअरचे खोकेच्या खोके. माझं दार लागेना. शेवटी त्यापुढे खुर्ची लावली.

काय सांगू त्या आठ दिवसांचं. सकाळी उठून पोटावर हात ठेवून म्हणायचे, आज फक्त ताक. दहा वाजता ताकाबरोबर थालीपीठ, थालीपिठावर लोणी. बारा वाजता पहिला ग्लास. तीन वाजता जेवण आणि जेवणावर इनो. इनोनं ढेकर आला की जागा झाली, म्हणून केक. एक तारखेपासून डाएट आहे हे जो तो दुसऱ्याला सांगायचा आणि तेवढ्या आधारावर पुन्हा वाढून घ्यायचा. केशरबाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. चुलीवरच्या भाकरीचं सगळ्यांना भारी कौतुक होतं.

सव्वीस तारखेच्या दुपारी शेखरचा मित्र विकी आत आला. बिअर म्हणावी तशी गार होत नव्हती. त्यानं माझं गोल बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं. दारात बाटल्या लावायला जागा हवी होती, म्हणून अंड्यांचा खण रिकामा केला. डबी हातात आल्यावर त्यानं विचारलंसुद्धा, हे कुणाचं. बाहेरच्या गोंधळात कुणी उत्तर दिलं नाही. औषध दिसतंय, आत सेफ राहील, असं म्हणून त्यानं ती डबी बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये, अगदी मागे, माझ्या पाठीला चिकटवून ठेवली. त्यानं ती फेकली नाही, जपूनच ठेवली.

मला गार कर म्हटलं की मी गार करतो. कुठे थांबायचं हे मला स्वतःहून कळत नाही. त्या आठवड्यात त्या घरात ते कुणालाच कळत नव्हतं. संध्याकाळच्या सुईच्या वेळी केशरबाईनं डबी शोधली, पण माझ्यापुढे इतकी माणसं होती की ती संकोचून परत गेली. सकाळी तिला डबी सापडली तेव्हा आतल्या औषधाचा दगड झाला होता.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उन्हाला बसली आणि बाटली मुठीत धरून राहिली. कोंडाजी पाण्याची कळशी घेऊन आला, त्यानं विचारलं, काय झालं.

"थिजलं व्हतं," ती म्हणाली. "वितळतंय आता."

"चालंल का पर?"

"न चालाया काय झालं? तूप थिजतंय, वितळतंय, तूपच ऱ्हातंय की." मग तिनं बाटली उजेडाकडे धरली. नेहमीच्या दुधाळ पाण्यात बारीक रवा तरंगत होता. "ही बगा, कणी बी धरलीया," ती म्हणाली.

बाई लोणी कढवण्यात हुशार होती. तूप कणीदार झालं म्हणजे चांगलं उतरलं, एवढंच तिला ठाऊक. औषध उन्हानं बिघडतं हे तिला सांगितलं होतं. ते गोठलं की मरतं, मग वितळवून त्यात जीव येत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हिशोबानं सुई भरली आणि टोचून घेतली. पुढचे सहा दिवस तिनं एकही वेळ चुकवली नाही.

अठ्ठावीस तारखेपासून तिला तहान लागायला लागली. येता-जाता ती माझं दार उघडून पाण्याची बाटली तोंडाला लावायची. तीस तारखेला ती मला टेकून खाली बसली, तेव्हा तिच्या श्वासाला कुजक्या फळासारखा वास येत होता. मी घरघर करत राहिलो. दुसरं मला येतं काय? एकतीस तारखेला दुपारी उत्कर्षा केकचा तुकडा घेऊन आली. मावशी नको नको म्हणत होत्या. पण हिनं हातानं भरवलाच, सुट्टीत एवढं चालतं म्हणाली. कोंडाजी दारातून बघत होता. केशरबाईनं आठ दिवसांत त्या घरचं गोड खाल्लं ते तेवढंच, दोन बोटांचा तुकडा.

एक तारखेला गाड्या गेल्या. उरलेलं सगळं मावशींना दिलं. अन्न टाकवत नाही म्हणून तिनं ते वस्तीत वाटलं, तिला स्वतःला वासानंच उलटी येत होती. दोन तारखेला सकाळी ती माझ्यापुढे कोसळली. कोंडाजीनं जीप करून तिला पुण्याला नेलं. पाच तारखेला तो एकटा परत आला.

दहाव्याला शेखर आणि उत्कर्षा आले. कोंडाजीनं त्यांना माझ्यासमोरच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, सुई चुकली होती का. तो म्हणाला, कधीच न्हाई; ती एक संध्याकाळ त्याला ठाऊक नव्हती. सणाचं गोड खाल्लं होतं का. तो म्हणाला, व्हय, केक. साखर यंत्रात मावेना इतकी चढली होती. शेखरनं माझ्यातून सोडा काढला, घोट घेतला आणि हळूच म्हणाला, "दुखणं माहीत असताना तोंडावर ताबा हवा होता हो."

उत्कर्षानं माझं उघडं राहिलेलं दार लावलं. मी तेव्हा फुटलो का नाही? चौदा माणसं आठ दिवस माझ्यात डोकं घालून खात होती, आणि तोंडावर ताबा नसलेली कोण ठरली, तर केशरबाई.

त्यांना वाईट वाटलंच होतं. म्हणून पुढच्या महिन्यात बंगल्यावर नवा फ्रिज आला आणि मला कोंडाजीच्या खोलीत दिलं. तो माझ्यात काही ठेवत नाही. ती डबी तेवढी आहे, आता पुन्हा दारात. संध्याकाळी तो माझ्यापुढे बसतो आणि तिला बोल लावतो. "एका तुकड्यापायी गेलीस," म्हणतो. त्याच्या मनात तिचा राग घर करून बसलाय. तो राग खोटा आहे हे जगात फक्त मला माहीत आहे आणि मला वाचा नाही.

तुम्हाला ऐकू येतंय म्हणून विनवतो. कुणाचं औषध तुमच्या घरच्या फ्रिजात असेल, तर त्याला हात लावण्याआधी ते कुणाचं हे एकदा ओरडून विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

काल शेजारची रंभाबाई आली होती. तिलाही साखर आहे, तिची बाटली संपलीय आणि दवाखाना सोमवारी उघडतो. कोंडाजी उठला, माझं दार उघडलं, डबी काढून तिच्या हातात दिली. "केशरीची हाय. निम्मी उरलीया. वाया कशाला घालवायची," म्हणाला.

रंभाबाईनं बाटली गालाला लावून बघितली. "चांगली गार ठिवलीया की," म्हणाली, आणि कनवटीला खोचून घरी गेली.