पानिपतची साइट

मुरथलच्या ढाब्यासमोर बस थांबली तशी शुभदा सगळ्यांच्या आधी उतरली आणि पराठ्यांच्या रांगेकडे न बघता शेजारच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. नंबर पाठ होता. पलीकडे कुणी उचलेपर्यंत तिने काचेतून दोनदा बसकडे पाहिलं. मराठी मंडळाचे चिटणीस तात्याराव बसच्या दारात उभे राहून प्रत्येकाला बजावत होते, की वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, आपल्याला अकराच्या आत काला अंबला, स्मारकावर पोचायचंय. दर संक्रांतीला मंडळाची बस दिल्लीतल्या द्वारकेहून पानिपतला जायची, आणि दर संक्रांतीला तात्याराव सदाशिवरावभाऊंची कुमक आपल्याच हाती असल्यासारखे वागायचे.

तासाभरापूर्वी त्यांनी बसमध्ये माइक हातात घेतला होता आणि त्यांना एकाएकी आठवलं होतं, की आपले पद्माकर, शुभदाचे यजमान, गेले दोन महिने पानिपतलाच आहेत, कारखान्याच्या साइटवर. पानिपतला जायचं आणि आपला माणूस तिथे असून त्याला भेटायचं नाही, हे काही त्यांना सोसेना. पद्माकरांना साइटवरून उचलू आणि स्मारकावर नेऊ, असं त्यांनी जाहीर केलं. पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या. साइटवर बाहेरच्यांना सोडत नाहीत, असं शुभदा कशीबशी म्हणाली, तर तात्याराव म्हणाले, "मग वहिनी, त्यांनाच तिकडे बोलवा. फोन करा."

म्हणून ती फोन करत होती.

पद्माकर कुठल्याच साइटवर नव्हता. पानिपतच्या अलीकडे, हायवेपासून आत, एका लहानशा गावातल्या व्यसनमुक्ती केंद्रात तो होता. फरीदाबादच्या कारखान्यात तो अठरा वर्षं इंजिनिअर होता. मग परदेशी भागीदार आले, नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना मानाने घरी बसवायची योजना आली. पद्माकरने ती घेतली, द्वारकेच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि कन्सल्टन्सीची पाटी लावली. पाटी छान होती. पाटीखाली कुणी आलं नाही. दोन वर्षांत तो सकाळी दहाला प्यायला लागला आणि एकदा सोसायटीच्या गणपतीत आरतीच्या मधोमध खाली बसला, तो उठलाच नाही. साखर कमी झाली, असं शुभदाने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

इलाज दिल्लीत नव्हता असं नाही. मोठ्या सरकारी इस्पितळात चांगला विभाग होता, पण तिथल्या कचेरीत मंडळाचे खजिनदार होते. गुडगावला एक होतं, तिथे तिच्या शाळेतल्या दोन बायका राहायच्या. शुभदा महिनाभर अशी जागा शोधत होती, जिथे औषध असेल आणि मराठी माणूस नसेल. शेवटी हिंदी पेपरातून एक चिटोरं पडलं. नव्वद दिवस, खात्रीने, घरून घेऊन जाण्याची सोय. नोव्हेंबरातल्या एका पहाटे चार जण आले आणि पद्माकरला रजईसकट उचलून घेऊन गेले. वल्लरी, त्यांची मुलगी, तेव्हा बारावीचा अभ्यास करत जागीच होती. ती खोलीबाहेर आली नाही.

खोटं बोलायचं तर खऱ्याच्या जवळपासचं बोलावं, म्हणजे निभतं, असा हिशेब करून शुभदाने सगळ्यांना पानिपत सांगितलं. उद्या पानिपतच्या बसमध्ये चढताना कुणी पाहिलंच तर तोंड बंद करता येईल. हिशेब चांगला होता. मराठी माणसाला एक वेळ स्वतःचा वाढदिवस आठवत नाही, पण पानिपत आठवतं, एवढंच ती विसरली.

केंद्राच्या प्रमुखाला सगळे डॉक्टरसाब म्हणत. तो डॉक्टर नव्हता. नव्वद दिवसांत भेट नाही, हा त्याचा नियम. शुभदाने फोनवर अडखळत सगळं सांगितलं, तेव्हा तो जराही चकित झाला नाही. असं बऱ्याच घरांत होतं, तो म्हणाला. एकाला तर सूट घालून त्याच्याच बहिणीच्या लग्नात उभा करून आणला होता.

"अर्धा घंटा, बहनजी. इज्जत का मामला हम समझते हैं. और वो रोएगा, कहेगा मारते हैं. सब कहते हैं. वो आदमी नहीं बोलता, नशा बोलता है."

हे वाक्य त्याने पहिल्या दिवशीही म्हटलं होतं. शुभदाला त्याचा मोठा आधार होता.

स्मारकाच्या बागेत धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. फुलं वाहून झाली, आणि तात्यारावांचं भाषण दरवर्षी जिथे गहिवरतं तिथे गहिवरत होतं, तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. पद्माकर उतरला. गुळगुळीत दाढी, शुभदाने बॅगेत दिलेलं निळं ब्लेझर, पॉलिश केलेले बूट. त्याच्या मागोमाग रणबीर नावाचा एक आडवा माणूस उतरला. हे साइटवरचे सुपरवायझर, असं शुभदाने सांगून टाकलं. लोकांनी पद्माकरला गराडा घातला. तब्येत सुधारली हो, बाहेरचं पाणी मानवलेलं दिसतंय, असं जो तो म्हणत होता. पद्माकर हसत होता. कुणी हातावर तिळगूळ ठेवला तेव्हा त्याने आधी रणबीरकडे पाहिलं. रणबीरने मान हलवली, मग त्याने तो तोंडात टाकला.

"यांच्यात साहेब कोण?" कुणीतरी थट्टेने म्हणालं आणि सगळे हसले. पद्माकरही हसला.

नवरा-बायकोला जरा बोलू द्या, असं म्हणून बायकांनीच त्या दोघांना झाडाखालच्या बाकाकडे ढकललं. शुभदा बसली. पद्माकर बसला नाही. रणबीर तीन हातांवर येऊन उभा राहिला.

"हसत राहा," पद्माकर म्हणाला. "त्याला मराठी येत नाही, पण चेहरे कळतात."

शुभदा हसली.

"इथे मारतात, शुभा. पाण्याचा पाइप असतो. तळपायांवर मारतात, म्हणजे दिसत नाही. म्हणून मी बसत नाहीये, बसलो की उठताना त्रास होतो." हे तो हवापाण्याचं सांगावं तशा सुरात सांगत होता. "गेल्या आठवड्यात रोहतकचा एक जण गेला. माझ्या शेजारच्या गादीवर होता. घरच्यांना हार्ट म्हणून सांगितलं."

नशा बोलते, माणूस नाही. शुभदाने ते वाक्य मनात धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण अठ्ठावन्न दिवस या माणसाच्या पोटात थेंब गेला नव्हता. डोळे स्वच्छ होते. कारखान्यातून घरी येऊन दिवसभराचं सांगायचा, त्या काळातला हा आवाज होता, आणि तो खरं बोलतोय हे तिला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं.

"मला घेऊन चल," तो म्हणाला. "सुटली का, ते माहीत नाही. पिणारच नाही असं मी सांगत नाही, आता खोटं बोलत नाही. दिल्लीत कुठेही ठेव, त्या सरकारी इस्पितळात टाक. पण इथून ने. तू फक्त तात्यारावांना सांग. पन्नास माणसं आहेत आपली. हा एकटा आहे."

शुभदाने माणसांकडे पाहिलं. खजिनदार फोटो काढत होते. त्यांची बायको डब्यातून गुळाच्या पोळ्या वाटत होती. तात्यारावांना सांगायचं म्हणजे या सगळ्यांना सांगायचं, आणि या सगळ्यांना सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत द्वारकेच्या प्रत्येक सेक्टरला. मग गणपतीतली साखर, कारखान्याची साइट, दोन महिने फोनवर दिलेली सगळी उत्तरं एकेक करून परत घ्यायची. पद्माकर पितो हे एक वेळ लोक पोटात घालतील. पण तिने त्याला रजईत गुंडाळून पाठवलं, हे कोण घालील?

"अहो, वल्लरीची बोर्डाची परीक्षा आहे मार्चमध्ये," ती म्हणाली.

"बरं."

"पंधरा फेब्रुवारीला नव्वद दिवस होतात."

पद्माकरने हसणं तेवढं सोडलं नव्हतं. मग त्याने शाळेतल्या पोरासारखी रणबीरला करंगळी दाखवली. रणबीरने घड्याळ पाहून नाही म्हटलं.

तेवढ्यात तात्यारावांचा आवाज माइकवरून बागभर घुमला. आपल्यातला एक मराठी माणूस आज याच मातीत काम करतोय, तेव्हा पद्माकररावांनी दोन शब्द बोलावेत.

पद्माकर हळूहळू पावलं टाकत गेला. लोकांना त्यात रुबाब दिसला. त्याने माइक घेतला. पन्नास माणसं शांत झाली, रणबीरला मराठी येत नव्हतं, आणि आता शुभदाने काही सांगायचीही गरज उरली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. ती बाकाच्या कडेला घट्ट धरून बसली आणि देवाकडे एकच मागत राहिली, की याने ते बोलू नये.

पद्माकरने गर्दीवरून नजर फिरवली आणि तिच्यावर आणून थांबवली.

"इथलं काम अवघड आहे," तो म्हणाला. "शिस्त कडक आहे. पण घरच्यांनी विचार करूनच पाठवलंय. फेब्रुवारीत संपेल. तुम्ही भेटायला आलात, बरं वाटलं."

टाळ्या झाल्या. शुभदाला सुटल्यासारखं वाटलं. अंगातून ऊन वाहत गेल्यासारखं स्पष्ट, चांगलं वाटलं, आणि त्याचीच तिला पुढे आयुष्यभर किळस येणार होती. पण त्या क्षणी तिनेही टाळ्या वाजवल्या.

"बहनजी, टैम हो लिया," रणबीर जवळ येऊन म्हणाला. जीपमध्ये बसवण्याआधी त्याने ब्लेझरचे दोन्ही खिसे आतून बाहेरून चाचपले. एका खिशातून कुणीतरी दिलेला तिळगूळ निघाला. तो त्याने स्वतःच्या तोंडात टाकला. तोवर मंडळी ग्रूप फोटोसाठी उंचीप्रमाणे उभी राहण्यात गुंतली होती. पद्माकरने जीपमधून मागे वळून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर बस पेंगली होती. सोनीपत मागे पडल्यावर इंदुमतीबाई पुढची जागा सोडून शुभदाशेजारी येऊन बसल्या. सेक्टर सहामध्ये त्या आणि त्यांचा मुलगा शंकर, दोघेच राहायचे. शंकर गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये होता. निदान मंडळात तसं सगळ्यांना माहीत होतं.

"पद्माकरराव कुठल्या साइटवर आहेत, ते मी विचारत नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "सुपरवायझर कुणाचे खिसे तपासत नाही गं."

शुभदाने खिडकीबाहेर पाहिलं.

"घाबरू नकोस. माझ्या तोंडून जाणार नाही. माझंच झाकून ठेवून मी थकलेय." इंदुमतीबाईंनी पदर नीट केला, मग पुन्हा तोच केला. शंकरची नोकरी दिवाळीतच गेली होती. आधी बाटली होती, आता गुडगावच्या पोरांनी कसली पावडर लावलीय. महिनाभर त्या जागा शोधतायत. इकडे दिल्लीत सगळीकडे ओळखीचं कुणीतरी निघतं. पण आज पद्माकररावांना पाहिलं आणि धीर आला. माणूस कसा उभा राहून बोलला, स्वच्छ, शांत. गणपतीत पाहिलं होतं त्यांना, आणि आज पाहिलं.

"मला तिथला नंबर दे," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "मारत वगैरे नाहीत ना गं? शंकर दिसायला थोराड आहे, पण अंगात काही नाही त्याच्या. बापाविना वाढलेला. कुणी आवाज चढवला तरी कोपऱ्यात जाऊन बसतो."

बसचा गिअर बदलला. पुढे तात्याराव झोपेत घोरत होते. हो म्हणायला शुभदाला एकच शब्द लागला असता. पण इंदुमतीबाईंनी लगेच पुढचा प्रश्न विचारला असता, की मग तू त्यांना तिथे ठेवून कशी आलीस.

"नाही हो," शुभदा म्हणाली. "घरच्यासारखं बघतात."

इंदुमतीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात दाबला, पर्समधून डायरी काढली आणि पेन्सिल सरसावून बसल्या. शुभदाने नंबर सांगितला. बस हलत होती, त्यात चष्मा जाडा. लिहून झाल्यावर त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून परत वाचून दाखवला.

शेवटून दुसरा चुकला होता. शुभदाने तो दुरुस्त करून दिला.