सावकाश होऊ द्या

वृद्धाश्रमातली पाळी संपवून बिकयिंग घरी पोचली की आधी कुठेतरी पाठ टेकावी असं तिला वाटे. पण दिवसभर जेवायला नको म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडात चमचे घालून आलं, तरी घरी पुन्हा कढईपुढे उभं राहावं लागेच. ‘तो क्वा वान’ नावाच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत आधीच ती, सासू आणि नवरा. त्यात सप्टेंबरपासून एस्टोनियाची मार्या वर्षभर शिकायला येऊन राहिलेली. नवऱ्याची हौस! तो स्वतः ट्रक घेऊन निम्मा आठवडा सीमेपलीकडे शेनझेनला.

मार्याच्या खाण्याची बिकयिंगने धास्तीच घेतली होती. सूप, वाफवलेला मासा, खारवलेलं अंडं घातलेला खिमा, भात, जे पुढ्यात येईल ते पोरगी चाटूनपुसून संपवायची. वाडगा रिकामा दिसला की सासूबाई तो लगेच भरायच्या.

"वाढतं वय आहे," त्या म्हणायच्या. "उद्या सुपात हाडं जास्त टाक."

मग बिकयिंग हाडं जास्त टाकायची.

त्या दिवशी सासूबाईंनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा, घरातला लाडाचा घास, मार्याला वाढला. मार्याने वाडग्यात पाहिलं आणि तिला रडूच फुटलं.

"काय गं पोरी? काटा लागला?"

"नाही आजी," ती मोडकंतोडकं बोलली. "पोट भरलंय."

"आत्ता?"

"सप्टेंबरपासून."

सासूबाई बघतच राहिल्या. "मग खातेस कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, भाताचं शीत उरलं तर देवीचे वण असलेला नवरा मिळतो. म्हणून संपवते. संपवलं की तुम्ही वाढता."

बिकयिंगला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

"दात काय काढतेस?" सासूबाई खेकसल्या. "इतक्या दिवसांत तिला साधी रीत शिकवता आली नाही?"

"मला वाटलं तिला भूक लागते. आणि आई, शिकवायला अंगात त्राण कुठे होतं?"

सासूबाई आपल्या जेवायच्या काड्या नीट खाली ठेवून मार्याला म्हणाल्या, "हे बघ. असं करायचं आणि म्हणायचं, माझं झालं, तुमचं सगळ्यांचं सावकाश होऊ द्या. मग कोणी वाढत नाही."

मार्याने ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. शब्दांचे सूर चुकत होते, पण कळत होतं.

बिकयिंगने काड्या ठेवल्या. "माझंही झालं. तुमचं सावकाश होऊ द्या."

"अगं, अर्धा भात तसाच आहे!"

"मला नवरा मिळून चुकलाय, आई. तुमचाच मुलगा."

"जा, पड जरा," सासूबाई हळूच म्हणाल्या.

ती आत जाऊन आडवी झाली. बाहेर मार्या भांडी घासायला लागली होती. सासूबाई तिला दबक्या आवाजात, आपटू नकोस म्हणून, सांगत होत्या. पुढचं बिकयिंगने ऐकलं नाही. तिचा डोळा लागला होता.