पाव किलोला एक खडा कमी

मित्रांनो, दहा रुपयांचं एक जुनं नाणं तुमच्याशी बोलतंय. बाहेरून पिवळी कड, मधे पांढरा गाभा. टांकसाळीतून निघालो तेव्हा लोक मला लग्नाच्या आहेरात देत असत. पुढं बरीच गावं फिरलो, बरेच खिसे पाहिले आणि छत्रपती संभाजीनगरला येऊन अडकलो. इथं कुणीतरी कधीतरी कुणाला तरी सांगितलं, की दहाचं नाणं चालत नाही. सांगणारा सापडला नाही, पण ऐकणारे सगळे सापडले. सरकारनं मला कधीच बंद केलं नव्हतं. लोकांनी घ्यायचं तेवढं बंद केलं.

हडको वसाहतीत राहणारे कडुबा मूळचे पिशोरचे. शेती भावाकडे आणि यांना कंपनीत नोकरी. बँकेत सुट्टे मागायला गेले, तर कॅशियरनं माझ्यासकट तीस जणांची पुडी त्यांच्या हातावर ठेवली. किराणावाल्यानं नको म्हटलं, भाजीवाल्यानंही नको म्हटलं. न्हावी तर नुसताच हसला. दोन वर्षं आम्ही फ्रिजवर पडून होतो.

मग एके दिवशी कडुबांच्या फोनवर संदेश आला, की मुलांना पॉकेटमनी द्या, पैशाची किंमत शिकवा. ते बराच वेळ फ्रिजकडे बघत राहिले.

जूनमध्ये शाळा उघडली आणि दर रविवारी त्यांच्या लेकीला, आठवीतल्या तनुजाला, आमच्यातली दोन नाणी मिळू लागली.

"खर्च करायचे का ठेवायचे, ते तू ठरव," कडुबा म्हणाले. "पण ठेवणाऱ्याचं डोकं शांत असतं."

तनुजाला चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा द्यायची होती. त्यासाठी पोस्टर कलरची पेटी हवी होती, किंमत दोनशे नव्वद. तिनं ठेवायचं ठरवलं. मैत्रिणी पाणीपुरीच्या गाड्यावर थांबत, तेव्हा ही पुढं निघून जाई. गाड्याकडे पाय वळलाच, तर कडुबांचं एक वाक्य तयार असे, "आत्ता खाल्लं, की संपलं." मित्रांनो, पोरगी जरा खादाड असती, तर पहिल्याच रविवारी खरं काय ते कळलं असतं. पण ती गुणी होती, म्हणून पंधरा आठवडे फसली.

मधे शाळेत पालकांचा मेळावा झाला. कडुबांनी स्टेजवर जाऊन सांगितलं, की माझी मुलगी एक रुपया उधळत नाही. टाळ्या पडल्या. मी तनुजानं साठवणीला घेतलेल्या तुपाच्या रिकाम्या डब्यात होतो, पण मला घरी सगळं ऐकायला मिळालं. त्यांनी ते तीनदा सांगितलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तनुजा डबा घेऊन दाऊदभाईंच्या स्टेशनरीत गेली. दाऊदभाईंनी आम्हाला काउंटरवर ओतलं आणि हळूच परत डब्यात सरकवलं.

"बेटा, हे नाय चलते."

"बंद झाली का, चाचा?"

"बंद नाय झाली. चालत नाय." त्यांनी खालून एक बरणी काढली. बरणी गळ्यापर्यंत माझ्याच भावंडांनी भरलेली. "मी घेतो गं, पण माझ्याकडून कोण घेतो? पप्पांना सांग, फोनवरून टाका."

घरी तनुजानं डबा वडिलांपुढं ठेवला. "पप्पा, हे घ्या आणि मला नोटा द्या."

"मी बदलून दिले, तर तू काय शिकलीस?" कडुबांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "पैसे तुझे आहेत. कसे चालवायचे, ते तू बघ."

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, बाळा."

तनुजा रडली नाही. तिनं डबा उचलला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात एवढ्या घट्ट कुणी मला धरलं नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी आवडाबाई पेरू विकत असे. पडेगावहून यायची, पोतं अंथरून बसायची. शनिवारी शाळा सुटल्यावर तनुजा तिच्यापुढं वाकली.

"मावशी, सुट्टे पाहिजेत का? तीनशेचे."

"पाहिजेत की. लई वांदे होत्यात सुट्ट्याचे." आवडाबाईनं मला नखानं खरवडलं. "पण चालत्यात का गं ही?"

"बँकेतलीच आहेत, मावशी."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आवडाबाईनं आमच्याकडे पाहिलं, मग तनुजाच्या गणवेशाकडे. "मोजत नाय बाई. शाळंतलं लेकरू कशाला फसवंल?" तिनं कमरेच्या पिशवीतून शंभराच्या तीन नोटा काढून दिल्या आणि वर एक पेरू दिला. तो पेरू तनुजानं खाल्ला नाही. दप्तरातच सडला.

त्या संध्याकाळी पडेगावच्या रिक्षावाल्यानं मला तळहातावर उलटंसुलटं केलं. "मावशी, हे नाय चलत. दुसरं दे."

तिनं दुसरं काढलं, तेही माझंच भावंड. त्यानं तिला अर्ध्या वाटेत छावणीलाच उतरवलं, तिथून पडेगावपर्यंत आवडाबाई चालत गेली.

तनुजानं रंग घेतले, परीक्षा दिली. नाणी कुणाला दिली, हे तिनं सांगितलं, तेव्हा कडुबा मोठ्यानं हसले. "आता तुला पैशाची किंमत कळली." ती हसली नाही. शाळेत जायला तिनं मागचं फाटक धरलं.

महिनाभरानं मागचं फाटक बंद होतं. तनुजा पुढून निघाली, तर आवडाबाईनं हाक मारली, "ये की बाई. पेरू गोड हैत."

तनुजा पाव किलो द्या म्हणाली. आवडाबाईनं एका पारड्यात फडक्याची गाठोडी ठेवली. ते आम्ही. तीस नाणी मिळून पाव किलोला थोडी कमी भरतात, म्हणून तिनं वर एक खडा ठेवला. गिऱ्हाइकाला कमी द्यायचं तिला जमत नाही.

"मावशी, हे काय?" तनुजानं विचारलं. तिला कळलं होतं.

"वजन हाय. तीनशेला पडलं."

तनुजानं दिलेल्या नोटेचे सुट्टे आवडाबाईनं मोजून परत दिले.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी धातूचा आहे, टिकेन. घरच्यांनी हातावर पैसे ठेवले, की त्यातल्या एकाचं त्याच दिवशी काहीतरी घेऊन बघा. चालला, तर बाकीचे खुशाल साठवा. नाही चालला, तर ज्यानं दिला त्यालाच परत द्या, मग तो बाप असो की बँक. पुढच्याला देऊ नका. पुढं कुणीतरी पोतं अंथरून बसलेलं असतं आणि ते मोजत नाही.