शिळ्या पाण्याची कॉफी

गोपाळकृष्णांनी आयुष्यात एकदाही कुणाला कॉफी करून दिली नव्हती. चहासुद्धा नाही. अकोल्याच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केली, भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला, पण स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला, हे त्यांना बाहत्तराव्या वर्षी कळलं. आणि शिकायची वेळ आली तीही अशी.

कुंदाबाईंना जिभेचा कर्करोग झाला होता. जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकलेल्या बाईला. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच विचारायचा, "खर्रा-तंबाखू काही होतं का हो?" अशांना गोपाळकृष्ण पाणीही विचारत नसत, आणि योग्यच करत. ऑपरेशन झालं, मग अमरावतीच्या दवाखान्यात तीसेक वेळा किरणांचा शेक. तो संपून अडीच महिने झाले तरी तोंड आतून सोललेलंच होतं, आणि चव गेली ती गेलीच. वरण, ताक, आंब्याचा रस, सगळं एकसारखं. "ओला पुठ्ठा गिळतेय असं वाटतं," त्या म्हणायच्या. हळूहळू त्यांनी गिळणंच सोडलं. वजन छत्तीस किलोवर आलं.

डॉक्टरांनी गुरुवारी बोलावलं होतं. नाकातून नळी घालायची, दोन महिने पोटाला आधार द्यायचा, तोवर तोंड भरून येईल, चवही बहुधा परत येईल. त्या 'बहुधा'वर कुंदाबाई अडून बसल्या. नळी घालून घेणार नाही म्हणाल्या. लेक मैथिली पुण्याहून फोनवर रडली, गोपाळकृष्णांनी तर होते नव्हते ते सगळे मुद्दे मांडले. कोर्टात इतकं बोलले असते तर फाशीची शिक्षा रद्द झाली असती. कुंदाबाई ढिम्म.

शेवटी सोमवारी त्यांनी स्वतःच तोंड उघडलं. जीभ जड झाली होती, एकेक शब्द सावकाश यायचा.

"मला कॉफी प्यायची आहे. चिखलदऱ्याची. चव लागली तर गुरुवारी येते तुमच्याबरोबर. नाही लागली तर मला इथेच पडू द्या."

"लागेल गं, नक्की लागेल."

"तुम्ही काही बोलायचं नाही. वास कसा आहे, कडू आहे का, काही विचारायचं नाही. मी सांगेन. आणि मी खोटं सांगणार नाही."

कुंदाबाईंचे वडील जंगलखात्यात कारकून होते. त्यामुळे कुंदाबाईंचं बालपण चिखलदऱ्याला गेलं, तिथल्या मळ्यातल्या कॉफीवर. लग्न होऊन अकोल्याला आल्या त्या चहाच्या घरात. सासूबाईंना कॉफीचा वास सहन होत नसे, म्हणून शाळेत शिकवून आल्यावर चार वाजता मागच्या ओसरीत बसून त्या एकट्याच कॉफी प्यायच्या. पुढे सासूबाई गेल्या तरी ओसरी सुटली नाही. शेजारी कधी जाऊन बसावं, हे गोपाळकृष्णांना सुचलं नाही. आता ते फार बोचत होतं.

पण प्यायची कशी? गरम घोटानं तोंड पेटायचं. गरम करून गार केलेली कॉफी आंबूस लागते, ती जखमांना झोंबायची. मैथिलीनंच उपाय काढला. "बाबा, विस्तवच लावायचा नाही. बिया जाडसर कुटायच्या, फडक्यात बांधून गार पाण्यात बारा-चौदा तास ठेवायच्या. आपोआप उतरते, आणि झोंबत नाही." डॉक्टरांनीही दोन घोटांना होकार दिला.

बिया आणल्या धर्मपालनं. कुंदाबाईंचा जुना विद्यार्थी, परतवाड्याला असतो. निरोप मिळाल्यावर तो मंगळवारी पाव किलो भाजलेल्या बिया घेऊन एसटीनं अकोल्याला आला, बाईंच्या पायाशी पाच मिनिटं बसला आणि डोळे पुसत परत गेला.

मिक्सरमध्ये पीठ होईल म्हणून गोपाळकृष्णांनी खलबत्ता काढला. लापशीच्या रव्याइतकं जाड कुटायला त्यांना दोन तास लागले, तळहाताला फोड आला. एकदाच करायची तर भरपूर घालू, म्हणून सगळ्याच बिया कुटल्या. पुरणाच्या फडक्यात भुकटी बांधली. एवढी मोठी बरणी रिकामी नव्हती, म्हणून पाणी भरायचा, अरुंद गळ्याचा स्टीलचा लहान गुंड घेतला. बोचकं गळ्यातून दाबून आत सरकवलं, फिल्टरचं पाणी भरलं, वर झाकण. फ्रीजमध्ये गुंड मावेना. आणि एप्रिलच्या त्या काहिलीत घरात सगळ्यात गार कोपरा कुठला, तर पाण्याचा ओटा. तिथे ओल्या गोणपाटावर, माठाच्या शेजारी, त्यांनी गुंड ठेवला आणि समाधानानं झोपले.

इथेच घात झाला.

त्या भागात नळ चार-पाच दिवसांआड येतो. त्यामुळे घराघरात एक रीत पडली आहे. नळाची सूं-सूं ऐकू आली की आधी साठवलेलं शिळं पाणी ओतून द्यायचं, भांडी विसळायची, ताजं भरायचं. स्वयंपाकघरात कधी पाऊल न ठेवणाऱ्या गोपाळकृष्णांचं घरातलं हे एकच काम होतं, आणि ते चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी डोळे मिटूनही केलं असतं. बुधवारी पहाटे त्यांनी तसंच केलं. साडेपाचला नळ आला. झोपेतून उठून ते ओट्याशी गेले. कळशी उपडी केली. मोठा गुंड उपडा केला. लहान गुंड उचलला, उपडा केला.

मोरीत काळंभोर पाणी पसरलं. त्यांना आधी कळेचना की हे काय आहे. कळलं तेव्हा गुंडात थेंब उरला नव्हता. नुसतं बोचकं गळ्याशी अडकून राहिलं होतं.

सातला सुभद्रा भांडी घासायला आली, तेव्हा ते मोरीच्या उंबऱ्यावर तसेच बसले होते. नळ वाहून वाहून गेला होता आणि घरात ताज्या पाण्याचा एक तांब्यासुद्धा भरलेला नव्हता.

"काका, काहून असे बसले? काकूले काही झालं का?"

त्यांनी सांगितलं. बिया संपल्या होत्या, परतवाड्याहून पुन्हा आणून भिजवायला वेळ नव्हता. उद्या सकाळी निघायचं होतं.

"बाजारातून डबीतली आणून देतो आणि चिखलदऱ्याची म्हणतो," ते पुटपुटले.

"अन् काकूले समजलं तं?" सुभद्रानं गुंडात डोकावून पाहिलं. "हे बोचकं तं आहेच ना अजून. आमी चहाची पत्ती दोन-दोन खेपा उकळून राहिलो, याच्यातून एका भिजवण्यात सारं निंगून जाते का? टाका पाणी. सांजलोक उतरनच थोडंबहुत."

पण पाणी कुठलं? रात्रीच वीज गेली होती, फिल्टर बंद होता. नळ गेला होता. कुंदाबाईंचं उकळलेलं पाणी जेमतेम त्यांच्या पिण्यापुरतं होतं. ओतून द्यायचा राहिला होता तो फक्त माठ. गुढीपाडव्याला सुभद्रानं मांडलेला, चार दिवसांचं शिळं पाणी असलेला. दुसरा इलाज नव्हता. गोपाळकृष्णांनी त्यातलंच पाणी घेतलं, पण या वेळी थोडं. मग दिवसभर ते त्या गुंडाशेजारी खुर्ची टाकून बसले, पहाऱ्यावर बसल्यासारखे.

संध्याकाळी पाचला त्यांनी कॉफी गाळली. पहाटे मोरीतून गेली ती काळी होती. ही जेमतेम गुळाच्या पाण्याच्या रंगाची. त्यांनी बोट बुडवून चाखली आणि मन खचलं. निरोगी माणसालाही हिची चव शोधावी लागली असती. त्या बिचाऱ्या जिभेला काय लागणार! आपल्या एका सवयीनं बायकोचा जीव मोरीत ओतला, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं.

तरी त्यांनी कुंदाबाईंना धरून मागच्या ओसरीत नेलं, आरामखुर्चीत बसवलं. त्यांच्याच कपात कॉफी ओतली. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले. ठरल्याप्रमाणे काहीच बोलले नाहीत.

कुंदाबाईंनी पहिला घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरून गिळला. चेहऱ्यावर काही नाही. दुसरा घोट. त्यांनी डोळे मिटले. गोपाळकृष्णांनी मान खाली घातली आणि तळहातावरच्या फोडाकडे बघत राहिले. तिसऱ्या घोटाला फार वेळ लागला.

"वाळा," कुंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली.

"माठातलं पाणी आहे. वाळा टाकलाय त्यात." त्या थांबल्या, जिभेनं टाळू चाचपली. "कुणी टाकला यंदा?"

गोपाळकृष्णांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते तसेच उठले, माठाशी गेले, बाही सरसावून हात आत घातला. तळाशी मुळांची एक जुडी लागली, दोऱ्यानं बांधलेली. कुंदाबाई यंदा त्या माठाकडे फिरकल्याच नव्हत्या. त्यांचं पाणी उकळलेलं, वेगळं. या जुडीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ओली जुडी हातात घेऊन ते ओसरीत परत आले. कोपरापासून पाणी ठिबकत होतं. आता त्यांच्याच्यानं राहवेना.

"कुंदा, खरी कॉफी मी सकाळी ओतून दिली. शिळं पाणी म्हणून. ही दुसऱ्या खेपेची आहे."

"तरीच पातळ आहे," कुंदाबाई म्हणाल्या, आणि हसायला गेल्या. हसताना ओठ दुखला म्हणून त्यांनी ओठावर हात धरला. गोपाळकृष्ण मात्र जुडी छातीशी धरून लहान मुलासारखे रडत होते, सदरा भिजला तरी त्यांना भान नव्हतं.

त्यांचं रडणं होईस्तोवर कुंदाबाईंनी उरलेला कप संपवला. घोट घोट करत, सावकाश. मग रिकामा कप त्यांच्यापुढे धरला.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.