टेबलाखालची एकादशी

हरिताचा मूकपट टीव्हीवर सुरू झाला तेव्हा सरोजाआत्या सोफ्यावर मांडी ठोकून बसल्या होत्या. काळा-पांढरा, शब्द एक नाही, नुसती धावाधाव. वर्गातला गणेशकुमार मिशी चिकटवून नवरा झालेला, अखिला छत्रीवाली बायको. एकादशीचा उपास मोडून नवरा मिठाईच्या दुकानात घुसतो आणि बायको त्याला हुडकत येते, एवढीच गोष्ट. उद्या हा पट शाळेच्या स्पर्धेत जायचा होता. आपल्या पटात काही म्हणजे काही खोटं नाही, पडणंसुद्धा खरं, हे हरिता सकाळपासून घरभर ऐकवत होती. अम्मा-अप्पा मात्र भलतेच गप्प होते.

शूटिंग झालं तेही खऱ्या एकादशीलाच, तिरुवैयारू गावात. ठरलं होतं नदीकाठी, पण घाटावर ही गर्दी, म्हणून ऐन वेळी सगळे मुगाच्या अशोका हलव्याच्या दुकानात शिरले. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर हरिताला नवरा-बायकोच दिसले होते. टीव्हीवर मागचं टेबलही दिसलं.

टेबलाशी अप्पा. शुगरवाले अप्पा, हातात हलव्याचा द्रोण! तेवढ्यात पडद्यावर अखिला छत्री उगारून शिरली, अप्पांना कॅमेरा दिसला आणि ते टेबलाखाली गडप झाले. पलीकडून आणखी कुणीतरी खाली गेलं. दोघं एकदमच वर आली, कपाळावर कपाळ आपटून. ती दुसरी अम्मा होती. निर्जळी एकादशी करणारी अम्मा, दोन्ही गाल फुगलेले.

हरिताचं बोट रिमोटवर पडलं आणि चित्र नेमकं तिथंच थांबलं.

आत्या सोफ्यावरून टीव्हीकडे सरकल्या.

"संगीता," आत्या अम्माकडे वळून सावकाश म्हणाल्या, "ही साडी मीच दिलेली ना ग?"

"अक्का, तो अभिनय आहे," अप्पा घाईनं म्हणाले. "हरितानं सांगितलं तसं केलं."

सगळ्यांच्या नजरा हरितावर. खरं सांगावं तर अम्माला आत्यांकडून जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. खोटं सांगावं तर दिवसभर मिरवलेला खरेपणा पाण्यात.

"हो आत्या. खूप तालीम केली आम्ही."

"मग करून दाखवा. इथंच."

अम्मानं मुकाट्यानं पदर खोचला. जेवणाच्या टेबलाखाली दोघं दोन बाजूंनी शिरली. अप्पा पोटाशी अडकले, अम्मानं ओढलं, खुर्ची आडवी झाली. आत्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. सुटलो बाई, असं हरिताला वाटलं.

आत्यांनी डोळे पुसले.

"छान. पण दुकानातल्यासारखं नाही जमलं," त्या म्हणाल्या. "तोंडात हलवा नव्हता ना."

टेबलाखालून कुणीच बाहेर आलं नाही.