समजा, वादळ आलं

आमच्या हॉस्पिटलात वादळ दर वर्षी यायचं, तेही ठरवून, दुपारच्या चहाच्या आधी. त्याला तालीम म्हणायचं. मोठे साहेब आवारात भोंगा घेऊन उभे राहायचे आणि गंभीर आवाजात म्हणायचे, "समजा, वादळ आलं." मग आम्ही समजायचो. कुणी धावायचं, कुणी खिडक्या लावल्यासारखं करायचं. "समजा, लाइट गेले." भर उजेडात आम्ही भिंती चाचपडत चालायचो. "समजा, जनरेटर सुरू झाला." यावर आमचा वायरमन जिन्याच्या पायरीवर उभा राहून अंगठा वर करायचा. अंगठा दिसला की आम्ही सगळे "हां, आले लाइट" म्हणायचो आणि चाचपडणं थांबवायचो.

खरा जनरेटर का सुरू करत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. साहेब म्हणाले, "सिस्टर, डिझेल जळतं. आणि धूर होतो." धूर कुठे होतो ते सगळ्यांना माहीत होतं. जनरेटरच्या खोलीचं धुरांडं साहेबांच्या केबिनच्या खिडकीखाली निघतं. म्हणजे साहेबांच्या नाकापुढे सगळं हॉस्पिटल क्षुल्लक!

या तालमीत जखमी पेशंट म्हणून कुणीतरी लागायचं. खरे पेशंट तयार होत नसत. आधीच आजारी, त्यात आणखी नाटक कोण करणार? म्हणून पहिल्या वर्षी मी माझ्या सासूबाईंना आणलं, आणि तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं. घरी मला "भाजी कोरडी झाली" एवढंच ऐकवणाऱ्या या बाई, स्ट्रेचरवर पडल्या की असं काही कण्हायच्या की बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं. एका वर्षी नव्याने आलेल्या डॉक्टरांनी त्यांना खरोखरच सलाईन लावलं. सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "काम करायचं तर मनापासून. तुमच्यासारखं नाही."

डोक्याला बांधायची ती पट्टी, लाल औषधाने रंगवलेली, त्यांनी घरी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवली होती. माझ्या लग्नातली साडीही त्या घरात इतकी नीट ठेवलेली नाही.

तर असं आमचं वादळ. आणि मग एक दिवस ते खरंच यायला निघालं. रेडिओवर, फोनवर, भोंगे लावलेल्या गाड्यांवर सगळीकडे तेच. साहेबांनी ताबडतोब बैठक घेतली आणि फर्मान काढलं: ड्यूटीवरच्यांनी हॉस्पिटल सोडायचं नाही आणि कुणाच्याही नातेवाइकांनी हॉस्पिटलात यायचं नाही. फक्त पेशंट.

हे कुणाला सांगत होते? आमच्या वस्तीतल्या घरांवर पत्रे. पत्र्यांवर दगड ठेवलेले. आणि आसपासची एकुलती एक पक्की इमारत म्हणजे हे हॉस्पिटल. माझा नवरा ट्रक घेऊन परगावी अडकला होता, घरी सासूबाई एकट्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "मला नियम सांगू नकोस. मी पेशंट आहे. दर वर्षी असते."

आणि आल्या. भर वाऱ्यात, रिक्षाने, डोक्याला तीच पट्टी बांधून. दारावरच्या रखवालदाराने सवयीने विचारलं, "काय मावशी, आज पण तालीम?" त्या कण्हल्या. त्याने आदराने दार उघडलं.

मला वाटलं होतं, ही युक्ती आमच्याच घरात जन्मली. कसलं काय! दुपारपर्यंत अख्खी वस्ती आजारी पडली. तापाच्या वॉर्डात हॉस्पिटलच्या आचाऱ्याचं सगळं घर तोंडात थर्मामीटर धरून बसलेलं. धोब्याच्या दोन्ही मुली एकाच पलंगावर, एकीला पोटदुखी, दुसरीला तिची काळजी. हाडांच्या वॉर्डात तर जागाच उरली नव्हती. ज्याला त्याला पायाला पट्टी. साहेब फेरीवर आले, एवढे पेशंट पाहून थबकले, पण बोलले काहीच नाहीत. बोलणार कसे? स्पेशल खोलीत त्यांची पत्नी, दोन ट्रंका आणि पोपटाचा पिंजरा 'देखरेखीखाली' दाखल होता. पोपट तेवढा ठणठणीत होता.

दिवस थोडा आणि सोंगं फार, अशी गत. जिन्यावरची मोठी काच वाऱ्याने फुटली तेव्हा सगळ्यात आधी हाडांचा वॉर्ड धावला. काय ते पाय, काय तो वेग! हाडांचे डॉक्टर भिंतीला टेकून बघत राहिले. इतके पेशंट एका क्षणात बरे झालेले त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

मी मात्र हसत नव्हते. मी लहान बाळांच्या खोलीची सिस्टर. दिवस भरायच्या आधीच आलेली बाळं आम्ही काचेच्या पेटीत ठेवतो. पेटी विजेवर चालते आणि त्यांना ऊब देते. ऊब गेली की ही बाळं गार पडतात, आणि गार पडली की मग फार वेळ देत नाहीत. माझ्याकडचं सगळ्यात लहान बाळ म्हणजे मूठभर. नाव अजून ठेवलं नव्हतं, म्हणून आम्ही त्याला मूठभरच म्हणायचो. त्याची आई ऑपरेशननंतर तापाने फणफणून खालच्या मजल्यावर बेशुद्ध पडलेली. बाप नदीपलीकडे, आणि पूल बंद.

लाइट गेले ते दुपारच्या जेवणाच्या ताटांचा खणखणाट चालू असतानाच. ढगांमुळे खोलीत इतका अंधार झाला की पेट्या नुसत्या आकाराने ओळखू येत होत्या. बाहेर वारा असा ओरडत होता की शेजारच्याशीही मोठ्याने बोलावं लागे. खालून भोंग्यावर साहेबांचा आवाज आला, "घाबरू नका! जनरेटर सुरू झाला!"

आम्ही थांबलो. पेट्यांचे दिवे काही लागेनात.

मी टॉर्च घेऊन जिन्याकडे धावले. आणि काय बघते? आमचा वायरमन नेहमीच्या पायरीवर, नेहमीच्या जागी उभा. अंगठा वर.

"अरे, सुरू कर ना जनरेटर!"

तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघायला लागला. त्या बिचाऱ्याला खरंच कळेना. इतकी वर्षं लाइट गेले की त्याने पायरीवर येऊन अंगठा दाखवायचा आणि लाइट यायचे. तो त्याचं काम चोख करत होता. मग एकदम भान आल्यासारखा "अरे बापरे!" म्हणाला आणि पाण्यातून जनरेटरच्या खोलीकडे पळाला. परत आला तो भिजून चिंब. "सिस्टर, बॅटरी मेलीय. कधी चालवलाच नाही ना. अ‍ॅम्ब्युलन्सची काढून लावावी लागेल, पण वारा कमी झाल्याशिवाय शेडपर्यंत जाता येत नाही. पत्रे उडतायत."

तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हे. आम्ही तर दर वर्षी विहीर खणल्याची तालीम केली होती, टाळ्यांसकट.

मला इतका संताप आला की रडू फुटलं. पण रडायला वेळ नव्हता. डॉक्टरीणबाई एका बाळाला हाताने फुगा दाबून श्वास देत होत्या, त्यांचे हात दुखले की मी दाबायचे. बाकीच्या बाळांच्या आयांना बोलावून मी एकेकीच्या उघड्या छातीशी बाळ ठेवलं, वरून चादर गुंडाळली. माणसाच्या अंगाइतकी चांगली पेटी अजून कुणी बनवलेली नाही. सगळी बाळं लागली मार्गी. राहिला मूठभर. त्याच्या तळपायाला हात लावला, गार लागला.

मी कॉरिडॉरमध्ये येऊन ओरडले, "आई!"

सासूबाई बाकावर आडव्या होत्या. अंधारातही हळूहळू कण्हत होत्या. कुणी बघत असलंच तर असावं म्हणून. माझा आवाज ऐकून ताडकन उठल्या. मी त्यांना आत ओढलं आणि म्हटलं, "हे बाळ धरायचं. अंगाला अंग लागलं पाहिजे. गळ्याची बटणं काढा."

"मी?" त्या मागे सरकल्या. "एवढंसं? अगं, माझ्या हातून काही झालं तर? मी नाही. दुसरं कुणी बघ."

त्या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. एरवी त्यांना घाबरायचं काम माझ्याकडे असतं. मी समजूत घालत बसले नाही. त्यांना खुर्चीत बसवलं, बटणं काढली, मूठभरला टोपी घालून त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, मान एका बाजूला वळवली आणि वर शाल घट्ट गुंडाळली. "नाक मोकळं राहू द्या. हलू नका. श्वास बघत राहा. थांबल्यासारखा वाटला तर पाठीवरून बोट फिरवा आणि मला हाक मारा."

तेवढ्यात भोंग्यासकट साहेब आले. टॉर्चचा झोत आधी सासूबाईंच्या पट्टीवर पडला, मग शालीवर.

"सिस्टर, ही तर पेशंट आहे!"

"हो, साहेब."

"आणि तिच्याकडे बाळ? आईशिवाय कुणाच्या हातात बाळ द्यायचं नाही, हा नियम आहे. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? कोण आहे ही बाळाची?"

माझ्या हातात फुगा होता. मी दाबतच राहिले. सासूबाईंनी मान वर केली. त्यांचा आवाज अगदी हळू होता, बाळ दचकू नये म्हणून.

"समजा, मी आई आहे."

साहेबांचा भोंगा हातात तसाच.

"आम्ही तुमचं इतकी वर्षं सगळं समजून घेतलं, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढं एक समजा. आणि तो दिवा डोळ्यांवरून काढा त्याच्या."

साहेबांनी टॉर्च खाली केली. आणि निघून गेले. नंतर कळलं, ते वायरमनबरोबर दोर धरून शेडकडे गेले होते. पहिल्यांदाच भोंगा न घेता.

दुपार संपत नव्हती. कुठे पत्रा आदळायचा, कुठे दार. मी दर थोड्या वेळाने येऊन शालीत हात घालायचे. तळपाय गार. तळपाय गार. मग जरासा कमी गार. आणि मग ऊबदार. मी तिथेच भिंतीला टेकले.

"लागला का गरम?" सासूबाईंनी विचारलं.

"लागला, आई."

त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक झाला होता. एवढाच. सुईणीने कापसात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. म्हणाली, हात लावू नकोस, नाजूक आहे. मी नाही लावला. रात्रभर बघत राहिले नुसती." त्यांनी मूठभरच्या पाठीवरून बोट फिरवलं. "एवढंच करायचं होतं का गं? नुसतं धरायचं?"

मी सिस्टर आहे. अशा प्रश्नांची उत्तरं मला शिकवलेली आहेत. मी त्यांचे गाल पुसले, तेवढंच.

संध्याकाळी वारा उतरला, अ‍ॅम्ब्युलन्सची बॅटरी आली आणि जनरेटर खोकत खोकत सुरू झाला. साहेबांच्या केबिनमध्ये धूर भरला. मूठभर पेटीत गेला. सासूबाईंनी बटणं लावली, डोक्याची पट्टी काढली आणि घडी करून पिशवीत ठेवली. वस्तीतले निम्मे पत्रे गेले होते, आमचेही. पुढचे काही दिवस सगळी वस्ती हॉस्पिटलात राहिली आणि कुणाला आजारी पडावं लागलं नाही. आचाऱ्याने सगळ्यांसाठी रांधलं. पोपट तेवढा खूप बोलला.

मूठभर बऱ्या झालेल्या आईच्या कुशीतून घरी गेला तेव्हा त्याच्या आईने सासूबाईंना वाकून नमस्कार केला. सासूबाई म्हणाल्या, "टोपी घालत जा त्याला," आणि मला म्हणाल्या, "चल, भाजी करपेल."

पुढच्या वर्षी तालीम ठरली. माणूस बदलतो म्हणतात. बदलतो, पण थोडाच. साहेब पुन्हा आवारात, हातात नवा भोंगा. सासूबाई पुन्हा स्ट्रेचरवर, इस्त्रीची पट्टी बांधून. यंदा साहेबांनी खास त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची बाहुली आणवली होती.

"समजा, वादळ आलं. समजा, लाइट गेले. समजा, जनरेटर सुरू झाला."

वायरमनचा अंगठा वर गेला. मला वाटलं, आता कण्हणं ऐकू येईल. आलं नाही. सासूबाई स्ट्रेचरवर उठून बसल्या आणि बाहुली साहेबांच्या हातात परत दिली.

"आवाज येत नाही," त्या म्हणाल्या.

"कसला?"

"जनरेटरचा. तो ऐकू आल्याशिवाय मी पडायची नाही."

साहेब भोंगा या हातातून त्या हातात करत राहिले. मग वायरमनने अंगठा खाली घेतला आणि कुणाला न विचारता चालायला लागला. भिंतीमागे काहीतरी खोकलं, पुन्हा खोकलं, आणि मग धडधडायला लागलं. साहेबांच्या खिडकीतून काळा धूर आत जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिला.

तेव्हा कुठे सासूबाई आडव्या झाल्या आणि कण्हायला लागल्या.