माझी पाटी दुसरीच्या पाठीवर

जावयानं काय करावं याला काही सुमार असतो की नाही? सासूच्या घरात राहावं, सासूच्या हातचं खावं, आणि सासूच्याच गाडीची नंबरप्लेट पेचकसानं काढून दुसऱ्या गाडीला लावावी! खोय नावाच्या माणसानं हे केलं. भर दुपारी केलं आणि वर शीळ घालत केलं. ज्या गाडीची पाटी काढली ती मी. म्हणून आज मला बोलायचं आहे, मित्रांनो, आणि माझं पुरं होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

मी जुनी आहे. लहानही आहे. माझ्या इंजिनाचं माप एकोणपन्नास सीसी. पन्नासच्या आतल्या गाडीला आमच्याकडे परवाना लागत नाही. आमच्या पाट्याही वेगळ्या असतात, त्यांवर दोन अक्षरं लागोपाठ येतात. ती पाहिली की पोलीस कागद मागत नाही, मान हलवतो आणि जाऊ देतो. हा मान मोठ्या गाड्यांना नाही. त्यांच्या मालकाला परीक्षा द्यावी लागते.

माझा जन्म खाली सपाटीवरच्या कारखान्यात झाला. तिथून अकरा बहिणींबरोबर, अंगाला पेंढा बांधून, मी ट्रकमधून वर डोंगरातल्या हा-जियांग गावाला आले. त्या दिवशी दुकानात एक बाई आली. पायात रबरी चपला, डोक्यावर शंकूची टोपी, हाताला तांदळाच्या पिठाचा वास. तिचं नाव न्यान. दोन डुकरं विकून आली होती. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठी घ्या. ही घाटात दमेल."

"मोठीला परवाना लागतो. परीक्षा कोण देणार, तू?" न्यान म्हणाली. "मी दोन इयत्ता शिकलेय. अक्षरं बघितली की मला मुंग्या दिसतात. आकडे तेवढे येतात. ही पन्नासच्या आत आहे ना? मग हीच."

अशी मी तिची झाले. तिला वाचता येत नव्हतं म्हणून तिनं मला निवडलं, हे मी कधी लपवलं नाही. लाज कसली? जेवढं आपल्याला जमतं तेवढ्या मापाची गाडी तिनं घेतली. आमच्या गावात असे किती लोक आहेत ते मला मोजून दाखवा.

रोज पहाटे न्यान मला किक मारी. मागे हाडांच्या रश्श्याचं पातेलं, पुढे पिठाची बादली, हँडलला मिरच्यांची पिशवी. बाजारात पोचलं की ती मला पिंपळाखाली उभी करी आणि चूल पेटवी. कापडावर पीठ पसरायचं, वाफ आली की पातळ पापुद्रा काढायचा, आत खिमा आणि काळी अळंबी घालून सुरळी करायची. गिऱ्हाईक लहान बाकड्यावर बसून सुरळी गरम रश्श्यात बुडवून खायचं. बाकडी कमी पडली की माझ्या सीटवर वाटी ठेवायचं. एकवीस वर्षं सगळ्या गावानं माझ्या पाठीला पाठ लावून नाश्ता केला. त्यात शाळामास्तर होते, ट्रकवाले होते, आणि लुओंग नावाचा वाहतूक पोलीस होता. तो नोकरीला लागला त्या आठवड्यात पहिल्यांदा आला. माझ्या पाटीवरून बोट फिरवत म्हणाला, "आजी, ह्या आकड्यांची बेरीज नऊ होते. नशीबवान गाडी आहे."

"खा आधी," न्यान म्हणाली. "निवलं की चरबी जमते."

एकवीस वर्षांत मी रश्श्याचा एक थेंब सांडला नाही. मोठ्या गाड्या मला मागे टाकून गेल्या, खुशाल गेल्या. मी पोचत होते.

मग पाहुणे येऊ लागले. दूरदेशचे, उंच, गुडघे उघडे टाकलेले. आमचे घाट त्यांना आवडले. खोयनं घराच्या अंगणात भाड्याच्या गाड्यांचं दुकान काढलं. एकशे दहा सीसीच्या चौदा गाड्या आणल्या, सगळ्या झुलत्या आरशांच्या. अंगण भरलं, तशी माझी रवानगी मागे, डुकरांच्या खोपटाशेजारी पत्र्याखाली झाली. माझ्या टोपलीत कोंबडी अंडी घालू लागली. चौदांचं तेल दर महिन्याला बदलायचं, माझं मात्र खोयच्या ध्यानातच राहायचं नाही. न्यानच स्वतः घाण्याचं तेल बोटाला लावून माझी साखळी पुसायची. म्हाताऱ्या माणसांना अंगणातून मागे नेतात, हे मी घरोघरी बघितलंय.

पुढे पाहुणे पडू लागले, हात-पाय मोडू लागले, आणि घाटाच्या तोंडाशी तपासणी बसली. ज्याच्याकडे इथं चालणारा परवाना नाही त्यानं गाडी चालवायची नाही. इथल्या माणसाच्या मागे बसून जावं, नाही तर परत फिरावं. चांगला नियम होता. पण खोयच्या गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, आणि उभ्या गाड्यांकडे बघून त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. माझी पाटी एका एकशे दहाला लावायची. माझ्या बाजूच्या झाकणावरचा पन्नासचा बिल्लाही तिला लावायचा. अंगकाठी सारखीच, पटकन ओळखू येत नाही. माझा कागद पाहुण्याच्या खिशात द्यायचा आणि म्हणायचं, "ही पन्नासची. परवान्याची गरजच नाही."

न्यानला त्यानं सांगितलं, "आई, कार्ब्युरेटर गेलाय. भाग हनोईहून यायचाय." आणि मला घोंगडी पांघरून ठेवली.

न्यानला संशय आला नाही. जावई खोटं बोलेल असं तिच्या मनात यावं कशाला? दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची जुनी कावड काढली. एका टोकाला रश्श्याचं पातेलं, दुसऱ्या टोकाला बादली, आणि खांद्यावर बांबू. मी घोंगडीखालून तिच्या चपलांचा आवाज ऐकत होते. दर पंचवीस पावलांनी तो थांबायचा. एकसष्ट वर्षांची बाई. ओरडायला माझ्याकडे हॉर्न होता, पण दाबायला हात नव्हता.

तेरा दिवस हे चाललं. तपासणीवरचे पोलीस बाहेरगावचे. त्यांनी दोन अक्षरं बघून खोयचे तीन पाहुणे सोडून दिले. चौथी आली टॅम्सिन, ऑस्ट्रेलियाची. ती बिचारी चांगली होती. तिनं पिशवीतून राखाडी झाकणाची एक पुस्तिका काढून दाखवली आणि फोनवर भाषांतर करून विचारलं, "माझा आंतरराष्ट्रीय परवाना आहे. चालेल ना?"

खोयनं पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. "चालेल, चालेल. आणि ही तर पन्नासची. काहीच लागत नाही!"

ती माझी पाटी घेऊन घाटाला गेली.

दुपारी न्यान अंगणात लसूण सोलत बसली होती. फोन वाजला. पलीकडून कुणीतरी धापा टाकत ओरडत होतं, ते मला पत्र्याखाली ऐकू आलं. "आजी? आजी, तुम्ही जिवंत आहात?"

"कोण? लुओंग का? लसूण सोलतेय. मरायला वेळ आहे का मला?"

झालं होतं असं. पंधरवडाभर लुओंगची नेमणूक वर घाटात होती. एका वळणावर खडीवरून गाडी घसरल्याचं त्यानं लांबून पाहिलं. पळत गेला. आधी पाटी दिसली. बेरीज नऊ. त्याला वाटलं, आजी पडली! तो म्हणे मोठमोठ्यानं "आजी, आजी" करत कठड्याखाली उतरला. हेल्मेट काढलं तर आतून पिवळे केस. टॅम्सिनचं मनगट मोडलं होतं. आणि मागून आलेल्या भाजीच्या ट्रकवाल्यानंही पाटी ओळखली होती, त्यामुळे पोरीला दवाखान्यात पोचवेपर्यंत सुरळ्यावाली आजी गेली ही बातमी गावभर झाली. संध्याकाळपर्यंत अंगणात सात बाया रडायला आल्या. न्यान त्यांना म्हणाली, "आलाच आहात तर लसूण सोला."

पण तोवर ती मागे येऊन गेली होती. फोन ठेवल्या ठेवल्या तिनं माझ्यावरची घोंगडी ओढली. पाटीच्या जागी चार रिकामी भोकं. तिनं भोकांवर अंगठा ठेवला. मग किक मारली. पहिल्याच किकेला मी सुरू झाले. का नाही होणार? मला काही झालंच नव्हतं!

"कार्ब्युरेटर," न्यान म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुओंग आला. मागे टेम्पोत ती चेपलेली एकशे दहा, आणि गळ्यात हात बांधलेली टॅम्सिन. सगळे माझ्याच समोर उभे राहिले, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे.

टॅम्सिन पुस्तिका पुढे करून काहीतरी म्हणत होती. लुओंगनं ती घेतली. "आजी, ह्या पुस्तिका दोन तऱ्हेच्या असतात. दिसायला सारख्याच. एक देशादेशांतल्या एकोणीसशे एकोणपन्नासच्या कराराची, एक अडुसष्टच्या कराराची. आपल्याकडे अडुसष्टची चालते. हिची एकोणपन्नासची आहे. शेजारच्या देशात चालली असती, इथं नाही. आता हिचे विमेवाले विचारतायत, तिथला परवाना होता का? नव्हता. मग हात स्वतःच्या खर्चानं बांध म्हणतात."

न्यान टॅम्सिनकडे वळली. "आणि तू गं? गाडी ताशी साठनं पळाली तेव्हा तुला कळलं नाही ही पन्नासची नाही ते? माझी गाडी साठनं गेली तर आधी मीच उतरून पळेन!"

लुओंगनं ते भाषांतर करून सांगितलं. टॅम्सिन आधी हसली, मग रडली. न्यान आत गेली आणि तिच्यासाठी रश्श्याची वाटी घेऊन आली. "पी. हाडाला हाड लागतं."

मग लुओंगनं टोपी काढून हातात घेतली. मोठं बोलायचं असलं की तो असंच करतो. "आजी, पाटी मुद्दाम लावली असेल तर दोन्ही गाड्या न्याव्या लागतील. चौकशी होईल. ह्या गाडीचा नंबर रद्दसुद्धा होऊ शकतो. चुकून झालं असेल, तर थोड्या दंडावर भागेल."

खोय पुढे झाला. आवाज मधाचा. "चुकूनच झालं हो! आई, सांगा ना. धुताना पाट्या काढून ठेवल्या होत्या, तुम्ही लावताना अदलाबदल केलीत. तुम्हाला वाचता येत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुम्हाला कोण काय म्हणणार?"

मित्रांनो, माझ्या टाकीतलं पेट्रोल गार झालं. ती हो म्हणाली असती तर मी तिथंच राहिले असते, माझ्या पाटीसकट. नाही म्हणाली तर मी टेम्पोत. नंबर रद्द झाला तर माझी भंगाराची वाट, आणि न्यानच्या खांद्यावर कायमची कावड, कारण डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन ह्या वयात ती दुसऱ्या गाडीची सवय कधी करणार? मी चारचौघींसारखी असते तर मनात म्हटलं असतं, हो म्हण, बाई, हो म्हण. मी तसं म्हटलं नाही. एकवीस वर्षं मी माझ्या मापानं चालले ते चूक म्हणून लिहून घ्यायला नव्हे.

न्यान कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अक्षरं मला येत नाहीत, लुओंग. आकडे येतात. माझ्या गाडीच्या आकड्यांची बेरीज नऊ, ती तूच शिकवलीस. मी आंधळेपणी कुणाच्या पाठीला काही लावलेलं नाही. ह्यानं लावलं. मुद्दाम लावलं. लिही."

"आई!" खोय ओरडला. "तुमचीच गाडी जाईल!"

"जाऊ दे. ती खोटी होऊन इथं राहण्यापेक्षा खरी होऊन गेलेली बरी." आणि माझ्या टोपलीतली अंडी उचलून तिनं मला स्वतः टेम्पोपर्यंत ढकलत नेलं.

जप्तीच्या आवारात मी चाळीस दिवस उभी होते. तिथं दीडशे-दीडशे सीसीच्या धिप्पाड गाड्या होत्या, कुणाला पाटी नाही, कुणाला कागद नाही, कुणाचा मालक पळालेला. एकीनं विचारलं, "तू एवढीशी, तू काय केलंस?" मी म्हटलं, "काही नाही. म्हणून ताठ उभी आहे." आमच्या पिंपळाखालच्या लोकांनी, मास्तरांनी, ट्रकवाल्यांनी, सगळ्यांनी जाऊन जबाब दिले की ही गाडी तेरा दिवस बाजारात आलीच नव्हती आणि म्हातारी कावड घेऊन चालत होती. माझा नंबर राहिला. खोयच्या दुकानाला मात्र दोन महिने टाळं, आणि टॅम्सिनच्या हाताचा खर्चही त्याच्याच खिशातून.

आणि ते चाळीस दिवस पहाटे रश्श्याचं पातेलं कुणी नेलं? खोयनं. कावडीनं. न्यान पुढे रिकाम्या हातानं, तो मागे. बाजारात बाया विचारायच्या, "आजी, नवी गाडी वाटतं?" न्यान म्हणायची, "हो. सांडते फार."

मित्रांनो, तुम्ही कधी परक्या मुलुखात जाल. गाडी घ्यावीशी वाटेल, घ्या. पण आधी तुमची पुस्तिका उघडा आणि तिच्यावरचं साल वाचा, आणि तिथल्या पोलिसाला विचारा, भाड्यानं देणाऱ्याला नको. इंजिनावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जमत नसेल तर इथल्या माणसाच्या मागे बसा, मान जात नाही. आणि तुमच्या पाठीवर जी पाटी असेल ती कुणाची आहे, तिच्यावाचून कोण चालत असेल, हेही एकदा विचारा.

मी परत आले त्या दिवशी अंगण रिकामं होतं. न्याननं मला पुढे, पायरीशी उभं केलं. खोय पेचकस घेऊन माझ्या मागे उकिडवा बसला. त्याच्या खांद्यावर कावडीचा काळा वळ उठला होता. तीन स्क्रू बसवले. चौथ्याला हात थांबला. वर न बघता म्हणाला, "आई, माझं चुकलं. पण धंदा बसला होता, पाहुण्यांना परत कसं पाठवणार होतो मी?"

न्याननं माझ्या सीटवर हात ठेवला. जे मी पत्र्याखाली घोंगडीत तेरा दिवस घोळवत होते, तेच तिच्या तोंडून निघालं, अगदी मोठ्यानं, शेजारी ऐकतील असं.

"चौथा स्क्रू घट्ट आवळ, खोय. आणि नीट ऐक. ज्याला स्वतःच्या पाटीवर जाता येत नाही त्यानं पायी जावं. मी तेरा दिवस गेले."